उघड्या गाडीची राखण

काकांना एक आडनाव आहे, पण ते आता लाइटबिलापुरतंच उरलंय. बाजारात लहानथोर सगळे त्यांना पुरावेकाका म्हणतात. धंदा किल्ल्या बनवायचा. दुकान म्हणजे दोन इमारतींच्या मधल्या फटीला कुणीतरी दार लावून दिलेलं. आत काका बसले की गिऱ्हाइकाने पायरीवर उभं राहायचं, आणि दुसरं गिऱ्हाईक आलंच तर त्याने चहा पिऊन यायचं. भिंतीवर कोऱ्या किल्ल्यांच्या माळा, फळीवर किल्ली कापायचं मशीन, आणि मशीनशेजारी जाड पुठ्ठ्याची वही. कुलूप कुणाचं, उघडून मागणारा कोण, पुरावा काय, आणि सही. हे चार रकाने भरल्याशिवाय काका सख्ख्या भावाचंसुद्धा कुलूप उघडायचे नाहीत.

ही थट्टा नव्हे. समोरचा शिंपी, पंधरा वर्षांचा शेजारी, एकदा स्वतःच्याच घराबाहेर अडकला. काका हत्यारांची पेटी घेऊन गेले आणि दारात उभे राहून म्हणाले, घर तुमचं आहे याचा पुरावा? शिंपी म्हणाला, अहो, काल तुम्ही याच घरात माझ्या ताटाला ताट लावून जेवलात. काका म्हणाले, जेवलो, पण घर तुमचं आहे असं कुठे मला दाखवलंत? लाइटबिल आणा. लाइटबिल अर्थातच आत होतं. शेवटी तोडगा निघाला: काका दार उघडतील, पण शिंप्याने उंबऱ्याच्या आत पाऊल टाकून आधी बिल दाखवायचं, मग दुसरं पाऊल. शिंपी आजही ही गोष्ट प्रत्येक गिऱ्हाइकाला माप घेता घेता सांगतो.

इस्त्रीचे कपडे आले की काका बटणं मोजणार. डॉक्टरने सुई टोचायच्या आधी बाटलीवरचं नाव स्वतः वाचणार. काकू म्हणतात, हे दाढी करतात तेसुद्धा आरशातल्या माणसावर नजर ठेवून. हसण्यावारी न्यावं असं वाटतं, पण दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, त्यातली गत. फरक एवढाच, की तोंड काकांचं पोळलं नव्हतं. पोळलं होतं त्यांच्या सासऱ्यांचं.

सासरे याच धंद्यातले, आणि काकांचे गुरू. आधी हातात कानस दिली, मग मुलगी दिली. वीस वर्षांपूर्वी एका तरुणाने त्यांना बोलावून नेलं. माझ्या घराची किल्ली हरवली म्हणाला, चांगले कपडे, गोड बोलणं. म्हाताऱ्यांनी कुलूप उघडून दिलं, आणि संध्याकाळपर्यंत ते घर धुऊन नेलेलं होतं. म्हाताऱ्यांना बातमी कळली दुसऱ्या दिवशी. त्यांचं म्हणणं असं, की बातमी कळल्याबरोबर ते स्वतःहून त्या घरमालकाकडे गेले आणि म्हणाले, कुलूप माझ्या हाताने उघडलंय. मालकाने त्यांना धरून चौकीत नेलं. तीन दिवस बाकावर बसवून ठेवलं, परवाना काढून घेतला. शाबीत काहीच झालं नाही, पण चोराचा भागीदार म्हणून नाव झालं ते झालंच. चौकीतला साहेब एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत होता: स्वतःहून कोण येतं?

पुढची नऊ वर्षं म्हातारे जावयाच्या दुकानात, कोपऱ्यातल्या डब्यावर बसून कोऱ्या किल्ल्या लांबीप्रमाणे लावत राहिले. आणि ही गोष्ट बाजारात कुणाला ठाऊक नाही, पण सांगायलाच हवी. चौकीतल्या साहेबाचा प्रश्न काकांच्याही मनात रुतून बसला होता. स्वतःहून कोण जातं? ज्याचं अंग त्यात आहे तोच आधी जाऊन साव बनतो. तोंडाने काका कधी बोलले नाहीत. पण म्हाताऱ्यांनी 'मी स्वतःहून गेलो होतो हो' असं सुरू केलं, की काका 'हो, हो' म्हणायचे आणि मशीन सुरू करायचे. त्या घरघरीत पुढचं ऐकू यायचं नाही. गल्ल्याची किल्ली या नऊ वर्षांत काकांनी एकदाही दुकानात ठेवली नाही. पाणी प्यायला उठले तरी ती गळ्यातल्या दोऱ्यात असायची. म्हातारे वारून आता अकरा वर्षं झाली. दोरा अजून गळ्यात आहे.

किल्लीवाल्याला चौकीचा परवाना लागतो. दरवर्षी तो नवा करायचा, आणि एक जरी लेखी तक्रार आली तर धंदा बंद. काकांच्या परवान्यावर एकोणतीस शिक्के होते आणि तक्रार एकही नाही. साठीच्या उंबरठ्यावरच्या माणसाला दुसरा कुठला धंदा येणार? त्यांना फक्त कुलपं येत होती.

तर त्या मंगळवारी दुपारी बाराच्या सुमाराला पायरीवर एक टोपीवाला आला. बहिणीची गाडी घेऊन आलोय, मागच्या मोठ्या पार्किंगमध्ये लावलीय, आणि किल्ली कोटाच्या खिशात राहिली, कोट मागच्या सीटवर, दारं बंद. घाई आहे, चला.

घाई आहे म्हटलं की काका आणखी सावकाश होतात. त्यांनी टोपीवाल्याला आधी टोपी काढायला लावली. मग त्याचं ओळखपत्र बघितलं, उलटं करून बघितलं, उन्हात धरून बघितलं. त्याचा फोटो काढला. मग म्हणाले, बहिणीला फोन लावा आणि माझ्याकडे द्या. बहिणीला त्यांनी नाव विचारलं, गाडीचा रंग विचारला, नंबर विचारला. करड्या रंगाची, म्हणाली. नंबर सांगितला, तो काकांनी वहीत सुवाच्य अक्षरात लिहून घेतला. आणि तुमचा भाऊ डावखुरा आहे का? आहे, बाई म्हणाली. टोपीवाल्याने सही डाव्या हाताने केली, तेव्हा कुठे काकांनी पेटी उचलली.

पार्किंग म्हणजे कचेऱ्यांच्या मागचं एक मोकळं मैदान. फाटकाशी राखणदाराची पत्र्याची खोली, ती रिकामी. राखणदार जेवायला किंवा चहाला गेला असावा. टोपीवाला दुसऱ्या रांगेतल्या एका करड्या गाडीपाशी थांबला आणि म्हणाला, हीच. मागच्या सीटवर काळं काहीतरी पडलेलं दिसत होतं.

काकांनी पेटी उघडली. दाराच्या वरच्या कडेला लाकडी पाचर सारली, पाचरीशेजारी हवेची पिशवी सरकवली, पंप दाबला. दार बोटभर फाकलं. त्यातून लांब सळई आत घातली. आता हे काम असं, की डोळे कुठेही असोत, जीव हातात लागतो. आणि काकांचा जीव होता टोपीवाल्याच्या हातांत. हा इतकं घड्याळ का बघतोय? दर मिनिटाला फाटकाकडे का बघतोय? खिशात हात का घालतोय? सळई आत अडली. नेहमी अडते तशी नाही, पत्र्यावर अडल्यासारखी. हात सांगत होता, थांब, काहीतरी वेगळं आहे. काकांनी ऐकलं नाही. टोपीवाल्यावरची नजर न काढता त्यांनी जोर दिला. आत काहीतरी कट्‌कन निसटलं, दाराची वरची कड थोडी बाहेर वाकली, नखाएवढा रंग उडाला, रबर वीतभर फाटलं, आणि दार उघडलं.

टोपीवाला आत झेपावणार, तोच काकांनी त्याचं मनगट धरलं. नियम म्हणजे नियम. आधी कागद. पुढच्या कप्प्यातली निळी फाइल त्यांनी त्याला दोन बोटांनी काढायला लावली, आपल्या डोळ्यांसमोर उघडायला लावली. फाइलमधल्या कागदावर नंबर भलताच. नाव भलत्याच बाईचं. काकांनी वही बघितली, फाइल बघितली, मग गाडीच्या समोर जाऊन नंबराची पाटी बघितली. काखेत कळसा आणि गावाला वळसा. नंबर आपल्याच हाताने लिहून काखेत मारून आणला होता, आणि पाटीकडे मात्र बघितलं नव्हतं. माणूस सात वेळा तपासला, गाडी एकदाही नाही.

टोपीवाल्याने मागच्या सीटवरचं काळं उचलून बघितलं. बाईमाणसाचा रेनकोट. त्याच्या बहिणीची गाडी तीन गाड्या सोडून एका टेम्पोच्या आड उभी होती, तशीच करडी. तो आधी हसला आणि मग त्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्याचं म्हणणं सरळ होतं. दार लोटा, माझी गाडी उघडा, आणि दोघंही आपापल्या वाटेने जाऊ. कुणी बघितलंय? काकांनी नंबर तीनदा ताडून त्याची गाडी उघडली. यावेळी दोन मिनिटं लागली आणि ओरखडाही उठला नाही. कोट, किल्ली, सही. जाता जाता तो काच खाली करून म्हणाला,

"काका, हात दाखवून अवलक्षण कशाला करून घेताय? निघा तुम्हीही."

काका निघालेही. खोटं कशाला सांगा? पेटी उचलून फाटकाच्या दिशेने वीसएक पावलं गेले. मनात परवाना होता, एकोणतीस शिक्के होते. किल्लीवाल्याने परक्याची गाडी फोडली, एवढं एक वाक्य कुणी कागदावर लिहून दिलं की संपलं. मग त्यांनी मागे वळून बघितलं. लोटलेलं दार आपल्या आपण हळूच उघडत होतं. कुलपाची आतली सळी निसटल्यामुळे ते आता मिटणार नव्हतं, लागणार तर नव्हतंच. कधीतरी कुणीतरी त्या दाराचं कुलूप बदलून आत पत्र्याचं झाकण बसवलं होतं, त्याच्यावरच सळई अडली होती. दुरुस्त करायचं तर दाराचं आतलं अस्तर खोलायला हवं. मालकाला न विचारता दुसऱ्यांदा हात लावायचा? छे.

उघडं दार मागे ठेवून तो माणूस जाऊ शकला नाही. त्यात प्रामाणिकपणा किती आणि जगावरचा अविश्वास किती, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. आपण गेलो तर पाच मिनिटांत कुणीतरी हात मारणार, याची त्यांना खात्री होती. काका परत आले, गाडीशेजारच्या कठड्यावर बसले आणि वही उघडली. कुलूप कुणाचं: निळ्या फाइलमधल्या बाईंचं. उघडून मागणारा: तिथे थांबले, आणि मग लिहिलं, कुणी नाही, माझी चूक. पुरावा: तो रकाना कोरा राहिला. वेळ लिहिली, बारा चाळीस. फाइलवर बाईंचा नंबर होता. काकांनी लावला. फोन बंद. पुन्हा लावला, बंदच. भर दुपारी कुणी फोन बंद ठेवतं का? ही गाडी तरी त्या बाईचीच आहे ना? की पळवून आणून इथे लावलीय? अशा वेळी काकांचं डोकं फार जोरात चालतं.

सव्वाला राखणदार आला. उघड्या दाराची गाडी, शेजारी हत्यारांची पेटी, पेटीत सळया आणि पाचरी, आणि कठड्यावर एक माणूस. त्याने विचारलं, काय चाललंय? काकांनी सगळं जसंच्या तसं सांगितलं. राखणदाराने ऐकून घेतलं आणि तो खोखो हसला. त्याच्या नोकरीत त्याने पुष्कळ थापा ऐकल्या होत्या, पण एवढी बिनडोक थाप पहिलीच.

"चूक करून स्वतःहून कोण थांबतं हो?" तो म्हणाला.

काकांना ते वाक्य कानफटात बसल्यासारखं लागलं. कुठे ऐकलंय हे त्यांना बरोबर ठाऊक होतं. त्यांनी मान दुसरीकडे फिरवली.

मग सुरू झाली एक गंमतच. राखणदार आपलं स्टूल घेऊन आला आणि गाडीच्या दुसऱ्या बाजूला बसला, काकांवर नजर ठेवून. काका राखणदारावर नजर ठेवून. गाडीत मागे एक चांगली लांब दांड्याची छत्री होती, तिच्याकडे राखणदाराने दोनदा बघितलं, हे काकांनी मोजलं. काकांचा हात पेटीकडे दोनदा गेला, हे राखणदाराने मोजलं असणार. दोघंही डोळ्यांत तेल घालून बसले. कुणी येणाराजाणारा थांबून विचारायचा, की राखणदार भुवया उडवायचा, आणि तो माणूस काकांना पायापासून डोक्यापर्यंत बघून आपली स्वतःची गाडी तपासायला जायचा. एका बाईने तर तीनतीनदा दारं ओढून बघितली. आयुष्यभर काकांनी जगाकडे जसं बघितलं, तसंच जग त्या दुपारी त्यांच्याकडे बघत होतं, आणि त्यांना ते सहन होत नव्हतं.

अडीचच्या सुमाराला काकांना लघवीला जायची वेळ आली. आता जायचं कसं? राखणदाराच्या भरवशावर गाडी सोडवेना, आणि राखणदार काकांना नजरेआड होऊ देईना. पाव तास वाटाघाटी झाल्या. शेवटी काकांनी गाडीच्या चारी दारांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या, पट्ट्यांवर सही केली, राखणदारालाही सही करायला लावली, आपला परवाना त्याच्याकडे तारण म्हणून ठेवला, आणि बदल्यात त्याची शिट्टी मागून घेतली. शिट्टी खिशात घालून गेले आणि धावत परत आले. पट्ट्या शाबूत होत्या. राखणदार परवान्यावरचे शिक्के मोजत बसला होता. शिट्टी घेऊन त्याने परवाना परत दिला आणि म्हणाला, खोटा परवानाही असा छापून मिळतो म्हणे.

काकूंचा फोन आला, जेवायला का आला नाहीत म्हणून. काका म्हणाले, एका कुलपापाशी अडकलोय. काकूंनी विचारलं, आवाज असा का येतोय? काही नाही म्हणाले आणि ठेवून दिला. बाईंचा नंबर मात्र लावत राहिले. फोन बंद.

सव्वापाचला गाडीची मालकीण आली. पन्नाशीची, जाड भिंगांचा चष्मा, गळ्यात ओळखपत्र. समोरच्या इमारतीत परीक्षा चालू होत्या आणि या बाई तिथल्या पर्यवेक्षक. म्हणजे बावीस वर्षं कॉपी पकडणं हाच धंदा. काकांना जर कुणी तोडीस तोड भेटलं असेल तर त्या याच. परीक्षेच्या वेळी त्यांचा फोन त्या इमारतीच्या फाटकावरच्या कपाटात बंद करून ठेवावा लागतो, आणि आताही तो बंदच त्यांच्या पर्समध्ये होता.

बाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी राखणदाराला दहा पावलं लांब उभं केलं, काकांना कठड्यावर बसवलं, एक कोरा कागद दिला आणि म्हणाल्या, काय झालं ते लिहून काढा, इकडेतिकडे बघू नका. काका लिहीत असताना त्यांनी गाडी तपासली. कप्पा, सीटखाली, पायपोस उचलून, डिकी. रेनकोटचे खिसेसुद्धा उलटे केले. मग कागद वाचला. वाकलेली कड बघितली, फाटलेल्या रबरावरून बोट फिरवलं. मग राखणदाराकडे जाऊन त्याला वेगळं विचारलं.

राखणदाराची पाचावर धारण बसली होती. आपण जागेवर नव्हतो हे कळलं तर नोकरीचं काय? त्याने छाती पुढे काढून सांगितलं, की मीच याला रंगेहाथ पकडला मॅडम, बारा वाजल्यापासून जागचा हललो नाही, पळून जायला बघत होता, मी बसवून ठेवलाय. काकांनी ते दहा पावलांवरून ऐकलं.  उभं राहून ते म्हणाले, खोटं आहे हे, मी स्वतःहून थांबलोय. आणि म्हणता म्हणता त्यांना आपलाच आवाज ऐकू आला. किती पोकळ वाक्य आहे हे. याला धरायला कुठेच काही नाही.

बाई शांतपणे म्हणाल्या, "बावीस वर्षांत माझ्या वर्गात एकाही मुलाने हात वर करून सांगितलं नाही, की बाई, माझ्याकडे चिठ्ठी आहे. पकडल्यावर मात्र सगळे म्हणतात, आम्ही देणारच होतो."

 हेच तर काका स्वतः म्हणाले असते, अगदी याच शब्दांत.

गाडीतलं काही गेलेलं दिसत नाही, बाई पुढे म्हणाल्या, पण तुमचं खरं मानायला मला काही कारणही दिसत नाही. तुमच्यासारख्यांना परवाना असतो ना? मी चौकीला कळवते, ते बघतील. काकांनी परवाना मुकाट्याने त्यांच्या हातात दिला. बाईंनी चौकीला लावायला पर्समधून फोन काढला आणि चालू केला.

फोन जागा झाला आणि वाजला. पुन्हा वाजला. थांबेचना. बाईंनी चष्मा वर करून बघितलं. तुमचा फोन बंद असताना या नंबरवरून फोन आला होता, असे निरोप एकामागून एक येत होते. नंबर एकच. बाई मनाशी मोजत होत्या. मग त्यांनी काकांचा नंबर विचारला, दोनदा विचारला, परवान्यावरच्या नंबराशी ताडून बघितला. चौदा वेळा. पहिला फोन बारा अठ्ठेचाळीसला.

त्यांनी राखणदाराला विचारलं, तुम्ही यांना पकडलं ते किती वाजता म्हणालात? बारा. आणि पकडल्यावर हे तुमच्या देखत मला चौदा फोन करत होते, आणि तुम्ही ते मला सांगितलं नाहीत? राखणदार जमिनीकडे बघायला लागला. बाईंनी जास्त ताणलं नाही. पकडलेल्या मुलाला पुरतं रडवायची त्यांना सवय नसावी. त्या काकांकडे वळल्या आणि त्यांनी वही मागितली. बारा चाळीसची नोंद वाचली. 'कुणी नाही, माझी चूक' हे दोनदा वाचलं. मग पेन काढून पुरावा या कोऱ्या रकान्यात त्यांनी स्वतः लिहिलं: स्वतःहून कळवलं, पहिला फोन १२.४८. आणि खाली सही केली.

त्यांच्यादेखत, त्यांच्या परवानगीने काकांनी दाराचं अस्तर खोललं, सळी बसवली, कुलूप तीनदा लावून उघडून दाखवलं. रंगाचं आणि रबराचं काम माझ्या खर्चाने, हे वहीत लिहून दिलं. बाईंनी परवाना परत केला. जाताना त्या इतकंच म्हणाल्या, की पुरावा होता म्हणून बरं, नाहीतर मी तुम्हाला सोडलं नसतं. काकांनी मान डोलवली. त्यात त्यांना काहीच वावगं वाटलं नाही. आणि फाटकातून बाहेर पडता पडता मात्र वाटलं.

घरी पोचले तेव्हा काकू ताट वाढूनच बसल्या होत्या. काकांनी सगळं सांगितलं. टोपीवाला सांगितला, शिट्टी सांगितली, तेव्हा काकू हसल्या. राखणदाराचं खोटं सांगितलं, तेव्हा काकूंनी त्याला दोन शिव्या घातल्या. मग काका म्हणाले,

"मी स्वतःहून थांबलो होतो गं. कुणी मानतच नव्हतं."

काकूंचा हात ताटावरच थांबला. त्या रागावल्या नाहीत. वीस वर्षं जपून ठेवलेली गोष्ट त्यांनी साध्या आवाजात काढली.

"बाबा हेच सांगायचे. तुम्ही मशीन लावायचात."

काका म्हणाले, कामं असायची गं, किल्ल्या कापायच्या असायच्या.

"नसायच्या," काकू म्हणाल्या. "मशीन रिकामं फिरत असायचं. चाळीस वर्षं कानस धरलेला माणूस तो, आवाजावरून कळायचं त्यांना. घरी येऊन मला म्हणायचे, जावईबापू आजही मशीन रिकामं चालवत होते."

 गळ्यातला दोरा काकांना एकदम टोचायला लागला. गल्ल्याची किल्लीसुद्धा कळत असणार त्यांना. कुलपांच्या माणसाला किल्ली कुठे असते ते कळत नाही असं होतं का कधी? नऊ वर्षं तो माणूस डब्यावर बसून ती किल्ली बघत होता.

काकांनी विचारलं, "माझ्याबद्दल काय म्हणायचे?"

काकू पाण्याचा तांब्या पुढे सरकवत म्हणाल्या, "मी चिडायचे तुमच्यावर, तर मलाच गप्प करायचे. म्हणायचे, त्यांचं काय चुकलं? माझ्याकडे पुरावा कुठे आहे?"

काकांनी हात धुतले नाहीत, ताटावरून उठलेही नाहीत. उष्ट्या हाताने तोंड झाकून ते म्हाताऱ्यांसाठी रडले. अकरा वर्षांपूर्वी तिरडीच्या पुढे चालताना ते रडले नव्हते.